जुन्या संगणकाची तबकडी

२०२३ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. बेळगावचा पाऊस ऐन भरात होता. शेवटचा तास आटोपून मी प्रयोगशाळेला कुलूप लावत होतो, तोच आमचे शिपाईमामा छत्री न घेताच धावत आले. मामांची मातृभाषा कन्नड. एरवी ते आमच्याशी मराठीत बोलतात, पण घाईच्या वेळी आपसूक कन्नडवर येतात. "होत्री सर, डिस्क होत्री!" म्हणजे, गेली हो सर, डिस्क गेली.

गेली होती ती मासिकाच्या खोलीतल्या जुन्या संगणकाची हार्ड डिस्क. हा संगणक १९९९ मध्ये घेतलेला. आजच्या विद्यार्थ्याच्या हातातला फोन त्याच्या शेकडो पट बलवान असेल. चौसष्ट मेगाबाइट स्मृती, ४.३ गिगाबाइटची हार्ड डिस्क आणि विंडोज ९८, एवढाच त्याचा संसार. तरी २००९ पर्यंत या अंकाची मराठी आणि कन्नड पाने त्याच्यावरच जुळवली जात. नंतर नवे संगणक आले आणि हा कोपऱ्यात गेला. भंगारात मात्र गेला नाही, त्याला कारण होते.

१९९९ ते २००३ या काळात आमच्या मराठी व कन्नड विभागांच्या विद्यार्थ्यांनी बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या आणि कन्नडमधली बीसुकल्लिन पदे गोळा केली होती. पुष्कळ घरांत एकच बाई दोन्ही भाषांत गाणारी. तो सगळा संग्रह या एकाच यंत्रावर टंकलेला होता. 'दुसरी प्रत नव्हती का?' असे कोणीही विचारील. होती, फ्लॉपींवर. त्या फ्लॉपी लोखंडी कपाटात ठेवलेल्या होत्या आणि आमच्याकडचे पावसाळे त्यांनी वीसएक तरी काढले होते. उघडून पाहिल्या तेव्हा आतल्या चकत्यांवर पांढरी बुरशी धरली होती.

आणखी एक अडचण होती. ज्या काळात हा मजकूर टंकला गेला, त्या काळी आपल्याकडची बहुतेक सॉफ्टवेअरे अक्षराचे तुकडे साठवीत असत. अर्धा क वेगळा, काना वेगळा, वेलांटी वेगळी. प्रत्येक तुकड्याला त्या त्या टंकाचा स्वतःचा क्रमांक. असा मजकूर नव्या संगणकावर उघडला की पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. तो धडपणे वाचायचा तर तेच जुने सॉफ्टवेअर हवे आणि ते चालायचे तर पाठीमागच्या प्रिंटरच्या खोबणीत बसवलेले त्याचे कुलूप, म्हणजे अंगठ्याएवढी एक डबी, हवी. ती खोबण नव्या संगणकांना नसते. म्हणून यंत्र तेच ठेवून केवळ तबकडी बदलणे भाग होते.

मी पदार्थविज्ञान शिकवतो, संगणक शिकवत नाही. पण महाविद्यालयात एकदा का तुमच्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिसला की तुम्ही आजन्म मिस्त्री ठरता. असो.

प्रथम पाहायचे ते हे की डिस्क खरोखरच गेली आहे काय. जुन्या संगणकात पुष्कळदा दोष दुसरीकडेच असतो. मुख्य पाटीवर रुपयाच्या नाण्यासारखी चपटी तीन व्होल्टची एक बॅटरी असते. सीआर २०३२ हे तिचे नाव, घड्याळाच्या दुकानात मिळते. संगणक बंद असताना तारीख, वेळ आणि 'मला कोणती डिस्क जोडली आहे' ही माहिती तीच जागती ठेवते. ती संपली की यंत्र डिस्क विसरते आणि भला माणूस डिस्कलाच दोष देतो. आमच्या संगणकाची तारीख १ जानेवारीवर जाऊन बसली होती, तेव्हा मलाही क्षणभर आशा वाटली. बॅटरी बदलली. मग चपटी केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा बसवली. वीज पुरवणारा चार तारांचा पांढरा खटका तपासला. त्यातल्या पिवळ्या तारेत बारा व्होल्ट असतात, तांबडीत पाच, आणि दोन काळ्या म्हणजे परतीच्या. मीटर लावून पाहिले, वीज ठीक होती.

एवढे झाल्यावर संगणक सुरू केला आणि कान लावला. टक्... टक्... टक्... मग थोडी शांतता आणि पुन्हा टक्. ज्याने हा आवाज एकदा ऐकला आहे तो विसरत नाही.

तो आवाज कशाचा हे समजायला डबीच्या आत डोकावले पाहिजे. प्रत्यक्षात मात्र तिचे झाकण कधीही उघडू नये. आत ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या गुळगुळीत चकत्या असतात. त्यांच्यावर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ लेप असतो आणि सगळी माहिती त्या लेपातल्या सूक्ष्म चुंबकांच्या दिशांत लिहिलेली असते. आमच्या डिस्कची चकती मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी. साडेतीन इंची डिस्कच्या चकतीचा घेर सुमारे तीस सेंटिमीटर. सेकंदाला नव्वद फेरे म्हणजे कडेचा वेग ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास जातो. (हा हिशोब बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी जरूर करून पाहावा.) या धावत्या पृष्ठावर वाचणारे शीर्ष तरंगत असते. चकतीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेच्या पातळ थरावर ते उचलले जाते आणि त्याच्या व चकतीच्या मधले अंतर माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. पुष्कळांना वाटते की डबीत निर्वात पोकळी असते. तसे असते तर शीर्ष तरंगलेच नसते. डबीला एक बारीक छिद्र असते आणि त्यामागे गाळणी. आतला आणि बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ही सोय. आता लक्षात येईल की उघड्या खोलीत झाकण काढले तर काय होईल. धुळीचा कण त्या अंतराच्या मानाने धोंड्याएवढा असतो.

शीर्षाने कोठे जायचे हे दाखवणाऱ्या खुणाही चकतीवरच लिहिलेल्या असतात. शीर्ष निकामी झाले किंवा त्या खुणा वाचता येईनाशा झाल्या की ते चाचपडते, मागे येऊन ठोकरते आणि पुन्हा प्रयत्न करते. टक् टक् हा त्या चाचपडण्याचा आवाज.

आता माझी चूक सांगतो. तो आवाज ऐकताच यंत्र बंद करायला हवे होते. मी ते केले नाही. 'आता चालेल, मग चालेल' करीत पाच-सहा वेळा चालू-बंद केले. त्याआधी, मला निरोप येण्यापूर्वीच, गावातल्या एका दुकानातल्या मुलाला बोलावले होते आणि त्याने डिस्क दुरुस्त करणारा विंडोजचा कार्यक्रम दोनदा फिरवून पाहिला होता. हा कार्यक्रम निरोगी डिस्कवरच्या हिशोबाच्या चुका सुधारण्यासाठी आहे. आजारी डिस्कवर तो चालवणे म्हणजे ताप आलेल्या माणसाला परेडला उभे करण्यासारखे आहे. शिवाय तो डिस्कवर लिहितोही आणि जे लिहिले गेले त्याखालचे जुने गेले. 'सर, फॉर्मॅट मारून बघू या काय?' असे त्या मुलाने विचारले तेव्हा मराठीच्या मॅडमनी त्याला चहा देऊन परत पाठवले. संग्रहाचे खरे प्राण त्या चहाने वाचवले असे मी मानतो.

डिस्क थंड कपाटात रात्रभर ठेवावी, म्हणजे ती थोडा वेळ चालते, असा एक उपायही हितचिंतकांनी सुचवला. आपल्याकडच्या दमट हवेत थंड डबी बाहेर काढली की आत-बाहेर दव धरते. चकतीवर दव आणि वर तरंगते शीर्ष, याची कल्पनाच करवत नाही. दुसरा उपाय म्हणजे डबीखालची हिरवी पाटी दुसऱ्या तशाच डिस्कवरून काढून लावणे. पूर्वीच्या काही डिस्कना तो लागू पडे. परंतु पुढेपुढे प्रत्येक डिस्कच्या शीर्षांची स्वतंत्र मापे कारखान्यातच मोजून पाटीवरच्या स्मृतीत लिहिली जाऊ लागली. तेव्हापासून एकीची पाटी दुसरीला चालत नाही. आणि आमच्या बाबतीत दोष पाटीचा नव्हताच, कारण पाचातून एखाद्या वेळी डिस्क ओळखली जात होती आणि काही मिनिटे वाचताही येत होती.

एवढी काही मिनिटे आमच्या हाती होती. त्यांचा उपयोग कसा करायचा, यावर सगळे अवलंबून होते.

नियम असा की मरणपंथाला लागलेल्या डिस्कवरून फायली एकेक करून काढायच्या नाहीत. तिची आधी अखंड नक्कल घ्यायची, पहिल्या विभागापासून शेवटच्यापर्यंत, आत काय आहे याचा विचार न करता. डिस्कवरची माहिती ५१२ बाइटांच्या तुकड्यांत असते, त्यांना सेक्टर म्हणतात. मी त्यांना विभाग म्हणतो. नक्कल घेण्यासाठी डीडीरेस्क्यू नावाचा एक मुक्त कार्यक्रम लिनक्सवर मिळतो. त्याची युक्ती साधी पण शहाणपणाची आहे. वाचताना खराब जागा आली की तो तेथे हटून बसत नाही. ती जागा नकाशात नोंदवून पुढे उडी मारतो. प्रथम सुखासुखी मिळणारे सगळे पदरात पाडून घेतो, मग खराब जागांच्या कडा कुरतडतो आणि अगदी शेवटी उरलेल्या विभागांवर पुनःपुन्हा प्रयत्न करतो. वीज गेली तरी नकाशा शाबूत असल्यामुळे काम सोडले तेथून पुढे चालू होते. परीक्षेत उत्तरपत्रिका सोडवण्याची हीच पद्धत आम्ही मुलांना सांगत असतो आणि मुले पहिल्याच अवघड प्रश्नावर तासभर घालवतात.

आमच्या प्रयोगशाळेत २००६ मधला एक संगणक आहे. त्याला जुनी रुंद चाळीस टोकांची खोबण आणि नवी बारीक खोबण अशा दोन्ही आहेत. जुनी डिस्क त्याला जोडली. जोडताना एक गोष्ट सांभाळावी लागते. चपट्या केबलची एक कड तांबडी असते, ती पहिल्या क्रमांकाच्या टोकाकडे यायला हवी. बहुतेक डिस्कवर ही बाजू विजेच्या खटक्याकडची असते. शिवाय एका केबलवर दोन यंत्रे बसतात, तेव्हा थोरली कोण आणि धाकटी कोण हे डिस्कच्या पाठीवरच्या छोट्या टोपीने, म्हणजे जंपरने, ठरवायचे असते. दोघीही थोरल्या झाल्या तर घरात काय होते हे सांगायला नको.

नक्कल कोठे ठेवायची याचाही विचार लागतो. मी आधी एक मोठा पेनड्राइव्ह घेतला होता. लावण्याआधी सुदैवाने आठवले की तो फॅट ३२ पद्धतीने आखलेला आहे आणि त्या पद्धतीत एकच फाइल चार गिगाबाइटहून मोठी होऊ शकत नाही. ४.३ गिगाबाइटची डिस्क त्या मर्यादेच्या किंचित पलीकडची. नक्कल शेवटच्या टप्प्यात अडली असती आणि डिस्कला पुन्हा तेवढा दम निघाला असता की नाही कोण जाणे.

पहिली फेरी दोन तासांत झाली. मध्ये तीनदा डिस्क रुसली, तीनदा सगळे थांबवून तिला गार होऊ दिले. उरलेल्या जागांसाठी ते यंत्र रात्रभर चालू ठेवून मी घरी गेलो. रात्री दोनदा वीज गेल्याचे सकाळी मामांनी सांगितले. बॅटरीवरच्या इन्व्हर्टरने वेळ मारून नेली होती. सकाळी पडद्यावर आकडा होता ३७. चौऱ्याऐंशी लाखांच्या आसपास विभागांपैकी ३७ वाचता आले नाहीत. हिशोबाने पाहिले तर हे अठरा-एकोणीस हजार बाइट, म्हणजे काहीच नाही. पण ते कोठले, हा प्रश्न होता. त्याकडे शेवटी येतो.

आता नवी डिस्क. या जातीच्या जोडणीच्या नव्या हार्ड डिस्क आता बनत नाहीत. बाजारात मिळतात त्या दुसऱ्या संगणकांतून काढलेल्या, म्हणजे आमच्या डिस्कच्याच वयाच्या. म्हाताऱ्याच्या जागी म्हातारा आणण्यात मला अर्थ दिसला नाही. दुसरा मार्ग नव्या बारीक जोडणीची डिस्क घेऊन मध्ये एक रूपांतर करणारी पाटी बसवण्याचा. तोही चालतो, पण नव्या डिस्क फार मोठ्या, आणि मोठेपणाच येथे आड येतो.

का आड येतो, ते सांगणे मला आवडेल, कारण त्यात माणसांच्या अदूरदृष्टीचा छान इतिहास आहे. पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ मध्ये आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि सगळ्यांवर मिळून सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. १९८० मध्ये सव्वापाच इंची डिस्क आली ती पाच मेगाबाइटची. १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीमध्ये दहा मेगाबाइटची होती आणि ती संपेल कशी असे लोकांना वाटे. त्या काळी डिस्कवरचा पत्ता तीन आकड्यांत सांगत. कितवे वर्तुळ, कितवे शीर्ष, कितवा विभाग. जसे आपण गल्ली, घर, मजला सांगतो तसे. संगणकाच्या मूळ आज्ञासंचाने, म्हणजे बायोसने, वर्तुळाच्या आकड्यासाठी १० बिटे, शीर्षासाठी ८ आणि विभागासाठी ६ बिटे राखली. डिस्क बनवणाऱ्यांनी आपल्या जोडणीत हीच वाटणी १६, ४ आणि ८ अशी केली. दोन्ही मिळून संसार करायचा म्हटल्यावर प्रत्येक ठिकाणी ज्याचे माप लहान ते लागू झाले. १० बिटांची १०२४ वर्तुळे, ४ बिटांची १६ शीर्षे, ६ बिटांचे ६३ विभाग (विभागांची मोजणी एकापासून होते म्हणून एक कमी). गुणाकार केला आणि विभागाच्या ५१२ बाइटांनी पुन्हा गुणले की ५२,८४,८२,३०४ बाइट होतात. दोन्ही पक्षांची वैयक्तिक मर्यादा याहून कितीतरी मोठी. एकत्र आल्यावर मात्र दोघेही छोटे झाले.

मग बायोस मधल्या मध्ये भाषांतर करू लागला. डिस्कची वर्तुळे थोडी दाखवायची आणि त्या बदल्यात शीर्षे खोटीच जास्त दाखवायची. आत शीर्षे चार असली तरी २५५ आहेत असे सांगायचे. याने मर्यादा ८.४ गिगाबाइटपर्यंत सरकली. पुढे सलग क्रमांकाची पद्धत पक्की झाली, पण काही बायोसांना ३३.८ गिगाबाइटपुढचा आकडा पेलेना आणि ते सुरू होतानाच गोठत. त्यानंतरची भिंत २८ बिटांची, १३७ गिगाबाइटवर. ती फोडण्यासाठी २००२ च्या सुमारास ४८ बिटांचा पत्ता आला. म्हणून जुन्या यंत्रासाठी डिस्क घेताना आधी त्याचे जन्मसाल पाहावे.

मी घेतले ते कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड. पूर्वी मोठ्या कॅमेऱ्यांत असत ती आगपेटीहून लहान चौकोनी चकती. हिची खुबी अशी की तिच्या अंगी हार्ड डिस्कसारखेच वागण्याची सोय मुळातच आहे. मधली पाटी जवळजवळ नुसती तारा जोडणारी, काही शे रुपयांत मिळते. फिरणारे काही नाही, आवाज नाही, धक्क्याचे भय नाही. वारंवार लिहिल्याने ती झिजते हे खरे, पण ओव्या वाचण्याच्या कामाला तिला आयुष्य पुरेल. कार्ड आठ गिगाबाइटचे निवडले आणि तेही विचार करून. चारचे घेतले असते तर जुनी ४.३ ची नक्कल मावली नसती. सोळाचे घेतले असते तर ८.४ ची भिंत आडवी आली असती. आठ या आकड्याचा आणखी एक फायदा पुढे कळेल.

नक्कल कार्डावर उतरवली, कार्ड पाटीत, पाटी केबलवर आणि जुना संगणक सुरू केला. यंत्राने कार्ड ओळखले. मॅडम, मामा आणि चार विद्यार्थी मागे उभे. पडद्यावर रोमन अक्षरे उमटली: 'इनव्हॅलिड सिस्टिम डिस्क'. मागून कोणीतरी 'आता?' म्हणाले. मला काही सुचेना. नक्कल तर अक्षरशः तशीच होती.

उत्तर त्या खोट्या शीर्षांत होते. डिस्कवरच्या आरंभीच्या विभागात 'मला २५५ शीर्षे आहेत' असे १९९९ मध्येच लिहून ठेवलेले आणि ते नक्कल होऊन जसेच्या तसे आले होते. बॅटरी बदलल्यामुळे बायोस मात्र आपल्या जुन्या निवडी विसरला होता. त्याने भाषांतराची 'लार्ज' नावाची दुसरी रीत आपणहून धरली आणि शीर्षांचा आकडा वेगळा धरला. पत्ता एकाने एका पद्धतीने लिहिलेला, दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने वाचला. टपालवाला भलत्याच गल्लीत जाणार नाही तर काय? बायोसच्या यादीत जाऊन 'लार्ज'च्या जागी 'एलबीए' निवडले. या रीतीत सव्वाचार ते ८.४ गिगाबाइटमधल्या प्रत्येक डिस्कला २५५ शीर्षेच गृहीत धरतात. जुनी ४.३ ची त्यात बसत होती आणि नवे आठचे कार्डही. आठचा फायदा म्हटले तो हा.

पुन्हा सुरू केले. ढगांचे ते जुने चित्र आले. मामांनी हात जोडले.

आता ते ३७ विभाग. नकलेची आणखी एक प्रत घेऊन न वाचलेल्या प्रत्येक विभागात मी एक ठरावीक रोमन शब्द भरला आणि मग तो शब्द कोणकोणत्या फायलींत सापडतो ते शोधले. ही सोय डीडीरेस्क्यूमध्येच आहे. २२ विभाग मोकळ्या जागेतले निघाले. १२ विंडोजच्या फायलींत. त्या मूळ सीडीवरून परत घातल्या. आणि ३ विभाग ओव्यांच्या एका फायलीत, लागोपाठचे.

संगणक सुरू झाल्यावर पहिले काम केले ते संग्रह बाहेर काढण्याचे. त्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर इस्की संकेतात साठवण्याची सोय आहे. इस्की हे भारतीय लिप्यांचे राष्ट्रीय मानक, १९९१ चे. त्यात देवनागरीतल्या क ला आणि कन्नड लिपीतल्या क ला एकच क्रमांक असतो, लिपी तेवढी वेगळी सांगायची. युनिकोडमधली आपल्या लिप्यांची मांडणी इस्कीच्याच आधीच्या रूपावरून घेतलेली असल्यामुळे एकातून दुसऱ्यात जाणे सोपे. आमच्या संगणकशास्त्राच्या दोन विद्यार्थिनींनी आठवड्यात ते काम केले, मराठीचेही आणि कन्नडचेही. आता संग्रहाच्या तीन प्रती आहेत. एक मराठी विभागात, एक कन्नड विभागात आणि एक ग्रंथालयात. तिन्ही दर वर्षी जूनमध्ये उघडून पाहायच्या असे ठरले आहे. कागदावर छापून बांधलेली एक वहीही आहे, तिला कोणतेच सॉफ्टवेअर लागत नाही.

तीन विभाग म्हणजे १,५३६ बाइट. त्यात चौदा ओव्या अर्धवट किंवा पुऱ्या गेल्या होत्या. विद्यार्थ्यांच्या मूळ वह्या ग्रंथपालांनी माळ्यावरून काढून दिल्या, त्यांत नऊ मिळाल्या. पाच ज्या पानावर होत्या ते पान पाण्याने धुऊन गेलेले. वहीवर खानापूर तालुक्यातल्या एका गावाचे नाव होते. नोव्हेंबरमध्ये मॅडम आणि दोन विद्यार्थी तेथे गेले. मीही गेलो, माझे तेथे काही काम नव्हते तरी. गाणाऱ्या आजी २०११ मध्येच वारल्या होत्या. त्यांच्या सूनबाईंनी आधी 'मला कुठलं येतंय' म्हणून टाळले. मग चहा ठेवता ठेवता पाचातल्या तीन म्हटल्या, आणि चौथी म्हणताना अडखळून तिच्या जागी एक कन्नड पद म्हटले, जे संग्रहात नव्हतेच. ते आम्ही नोंदवून घेतले.

उरलेल्या दोन ओव्यांच्या जागा वहीत क्रमांक घालून कोऱ्या ठेवल्या आहेत. दोन्ही बहीण-भावाच्या मालिकेतल्या आहेत, एवढे मागच्या-पुढच्यांवरून कळते. ज्या विद्यार्थ्यांच्या घरी आजी, आत्या किंवा मावशी अजून गात असतील, त्यांनी मराठी विभागात येऊन ती पाने पाहावीत आणि घरी विचारून सांगावे.